शत्रुराष्ट्राच्या अपप्रचाराला सरकारने उत्तर कसे द्यावे?

प्रश्न : कोरेगाव, जि. सातारा

नमस्कार. माझे धाकटे दीर लष्करात आहेत आणि मे २०२५ मध्ये त्यांची नेमणूक पंजाबच्या सीमेवर होती. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि १० मेला संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. त्या चार दिवसांत आमच्या घरी कोणी धड जेवले नाही, आणि त्याचे कारण लढाईपेक्षा मोबाइलवर येणारे संदेश हेच अधिक होते. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार असे वाचून चुलत सासरे पैसे काढायला धावले. पाकिस्तानी क्षेपणास्त्राचा मारा म्हणून एका स्फोटाचा व्हिडिओ आला, तेव्हा सासूबाई देवघरापुढून उठेनात. तो व्हिडिओ २०२० सालच्या बैरुतमधील स्फोटाचा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने जाहीर केले होते, परंतु तो खुलासा आमच्यापर्यंत दुसऱ्या दिवशी पोहोचला.

शत्रुराष्ट्र हल्ल्याबरोबर खोट्याचाही मारा करते, तेव्हा सरकारने काय करावे? खोटे खोडत बसावे, खाती बंद करावीत, की आपल्याकडचे खरे, त्यात आपले नुकसानही आले, आधीच सांगून टाकावे?

उत्तर १ : कृष्णाकाठ, सांगली (निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्र)

ताई, ब्रिटनमधील एक प्रकरण येथे उपयोगी पडेल. ४ मार्च २०१८ रोजी सॉल्सबरी या शहरात सर्गेई स्क्रिपाल हा रशियाचा माजी हेर आणि त्याची मुलगी युलिया यांच्यावर नोव्हिचोक या विषाचा प्रयोग झाला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी १२ मार्चला संसदेत विषाचे नाव सांगून रशियाला खुलाशासाठी दुसऱ्या दिवसाच्या अखेरपर्यंत मुदत दिली आणि १४ मार्चला २३ रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांच्या हकालपट्टीची घोषणा केली. पुढे वीसहून अधिक देशांनी मिळून दीडशेच्या आसपास अधिकारी परत पाठवले, त्यांपैकी ६० एकट्या अमेरिकेने.

रशियाकडून या काळात एकच खुलासा आला असता, तर तो तपासता आला असता. प्रत्यक्षात ‘हे ब्रिटननेच केले’, ‘विष दुसऱ्याच देशातून आले’, ‘असे काहीच घडले नाही’, अशा परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक कथा एकाच वेळी सोडण्यात आल्या. अशा प्रचाराला आपली बाजू पटवून द्यायचीच नसते. ‘खरे काय ते कोणालाच कळणार नाही’ असे म्हणून लोकांनी हात टेकले, की त्याचे काम झाले. म्हणून एकेक कथा खोडत बसणारे सरकार सदैव मागेच राहते. ब्रिटनने विषाचे नमुने रासायनिक शस्त्रांवरील आंतरराष्ट्रीय संघटनेकडून तपासून घेतले आणि सप्टेंबरमध्ये दोन संशयितांची छायाचित्रे, प्रवासाच्या तारखा आणि विमानांचे तपशील जनतेपुढे ठेवले. ज्याला शंका होती, त्याला तपासण्यासाठी हाती काहीतरी मिळाले.

उत्तर २ : माजी सुभेदार, सातारा तालुका

सरांचे म्हणणे मान्य आहे. फक्त युद्ध चालू असताना सगळे पुरावे टेबलावर मांडता येत नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे. २६/११ च्या वेळी कमांडोंच्या हालचाली दूरचित्रवाणीवर थेट दिसत होत्या आणि हल्लेखोरांचे सूत्रधार पलीकडे बसून ते पाहत होते. सुरक्षा कारवाईचे थेट प्रक्षेपण करू नये, या नियमामागे हा अनुभव आहे, आणि २६ एप्रिल २०२५ ला केंद्राने वाहिन्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली, हे योग्यच झाले.

मात्र हालचाल लपवणे वेगळे आणि झालेले नुकसान लपवणे वेगळे. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने दोन भारतीय वैमानिक पकडल्याचे सांगितले आणि नंतर तो आकडा एकावर आणला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी एक मिग-२१ गमावल्याचे आणि एक वैमानिक परतला नसल्याचे सांगितले. आपला आकडा बदलावा लागला नाही, त्यांचा बदलला. २०२५ मध्ये विमानांच्या बाबतीत तसे झाले नाही. ११ मेच्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांनी लढाईत नुकसान होतच असते, एवढेच सांगितले, आणि विमाने पडल्याची स्पष्ट कबुली संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मेला सिंगापूरमध्ये दिली. संख्या सांगू नये हे मला पटते. परंतु मधल्या तीन आठवड्यांत पाकिस्तानचा आकडा जगभर फिरला, आणि त्याच्यासमोर आपला शब्द उभा नव्हता.

याउलट पंजाबातील आदमपूरच्या हवाई तळावर जे केले ते उत्तम होते. तेथील एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त केल्याचा दावा पाकिस्तानने केला होता. १३ मेला पंतप्रधान तेथे गेले आणि त्यांच्या पाठीमागे ती यंत्रणा उभी असल्याचे सर्वांनी पाहिले. वेगळ्या खुलाशाची गरजच उरली नाही.

ताई, आमच्याच तालुक्यातील अपशिंगे गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. वाईट बातमी सोसण्याची या जिल्ह्याला पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे. सरकारने आम्हांला खरे सांगताना कचरू नये.

उत्तर ३ : विश्रामबाग, सांगली (वकील)

वरील दोन्ही उत्तरांत एक बाजू राहिली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ८ मेच्या रात्री कराची बंदर भारतीय नौदलाने उद्ध्वस्त केल्याची बातमी आपल्याच काही वाहिन्यांनी दिली. ११ मेला व्हाइस अॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी, कराचीसह निवडक लक्ष्यांवर आपल्याला हव्या त्या वेळी मारा करण्याच्या तयारीत नौदल होते, असे सांगितले, त्यावरून तसा मारा झाला नव्हता हे उघड झाले. आपल्याला सुखावणारे खोटेही त्याच तासाला, त्याच पत्र सूचना कार्यालयाने खोडायला हवे होते, कारण एका वाहिनीचे खोटे उघडे पडले की परदेशी वाचक आपल्या खऱ्या पत्रकार परिषदेवरही विश्वास ठेवत नाही.

खाती बंद करण्याबाबत : मे २०२५ मध्ये आठ हजारांहून अधिक खाती रोखण्याचे आदेश मिळाल्याचे एक्स या कंपनीने सांगितले. शत्रूच्या यंत्रणेची खाती बंद करण्यास माझा विरोध नाही, पण प्रत्येक आदेशामागचे कारण लेखी आणि न्यायालयात तपासता येण्याजोगे असले पाहिजे. सरकारी कामकाजाविषयी खोटे काय हे केंद्राच्याच कक्षाने ठरवावे आणि त्यावर समाजमाध्यमांनी कृती करावी, ही २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बहुमताने रद्द ठरवली. सरकारने खुलासा जरूर करावा. त्याला तो अधिकार पूर्वीही होता आणि आजही आहे. फक्त त्याच्या खुलाशाशी असहमत असलेला मजकूर उतरवून घेण्याचा हक्क त्यातून आपोआप निर्माण होत नाही.

प्रश्नकर्त्या : कोरेगाव

आपणा तिघांचे मनापासून आभार. सुभेदारसाहेब, आपण म्हणता तसे खरे सांगितले तर आम्ही सोसू, परंतु ते वेळेवर आणि मराठीत पोहोचले पाहिजे. आमच्या सासूबाईंना ना इंग्रजी येते ना हिंदी, आणि बैरुतचा खुलासा मीच त्यांना वाचून समजावला. त्या दिवसांत दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर सकाळ-संध्याकाळ चार ओळी लिहिल्या गेल्या असत्या, तरी निम्मे गाव शांत राहिले असते. जिल्हा माहिती कार्यालयाने असे चार ओळींचे निवेदन दिवसातून दोनदा ग्रामपंचायतीकडे पाठवावे, असा अर्ज मी लिहिते आहे. त्याचा मसुदा उद्या येथे ठेवते. वकीलसाहेबांनी तो एकदा तपासून द्यावा, ही विनंती.