उचलीचं गणित शिकवलं आणि पंचाईत झाली (मदत हवी आहे)

खडूफळा

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सहावी ते आठवीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे. आठवीत २३ मुलं आहेत. त्यातल्या १४ जणांचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

शासनाने २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' सुरू केला तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं आमच्या भिंतीवर रंगवलेली आहेत, परिपाठात मुलं ती पाढ्यासारखी म्हणतात. पण त्यातलाच 'निर्णयक्षमता' घडाघडा म्हणणारा एक मुलगा आजीच्या फोनवर आलेला ओटीपी समोरच्याला सांगून बसला. खात्यातले चार हजार गेले. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर त्याला ठाऊक नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही नव्हता.

म्हणून ठरवलं की शनिवारी घरात येणारे खरेखुरे कागद घेऊन बसायचं. पहिल्या शनिवारी बँकेत पैसे भरायची स्लिप घेतली. 'अक्षरी रुपये' पाहून एकीने विचारलं, "मॅडम, म्हणजे सुवाच्य अक्षरात लिहायचं का?" पुढच्या शनिवारी लाईट बिल. एकही युनिट जाळलं नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो, हे कळल्यावर वर्ग चांगलाच तापला. वहन आकार (वीज वाहून आणायचा आकार) म्हणजे काय, ते मलाच आदल्या रात्री वाचून जावं लागलं.

मग शेकडेवारी आली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. टनाला २७३ रुपये १० पैसे होते, त्याचे किती झाले? मुलांनी ३६६ काढले. एकजण म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, आमच्या पप्पांना तेवढाच आहे." पुस्तकातल्या गणिताचं उत्तर घरी जाऊन पडताळता येतं, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

तिथेच थांबले असते तर हा धागा काढावा लागला नसता. मुलंच म्हणाली, उचलीचं करू. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून, घेतलेली आगाऊ रक्कम. फळ्यावर लिहिलं: एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल ८०,०००. ती फिटायला किती टन तोडावे लागतील? २१९. रोज दोन टन धरले तर ११० दिवस. मग एका मुलीने हात वर केला. "मॅडम, खर्ची राहिली." खर्ची म्हणजे हंगामात घरखर्चाला मिळणारे पैसे, तेही फेडावेच लागतात. आठवड्याला हजार धरून सोळा आठवड्यांची खर्ची १६,०००. म्हणजे आणखी ४४ टन, आणखी २२ दिवस. आजारपण आणि खाडे तर अजून धरलेच नव्हते. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एकजण हळूच बोलला, "म्हणून अंगावर बाकी राहती."

सोमवारी एक मुकादम शाळेत आले. त्यांचा मुलगा सातवीत आहे. कुणाच्या तरी वडिलांनी वही दाखवून त्यांना हिशोब विचारला होता. "मॅडम, लेकरांना गणित शिकवा. आमचे धंदे कशाला शिकवायलात?" आवाज चढला नव्हता, पण शाळेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मुख्याध्यापकांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की शनिवारी योगासनं घ्या, कागदकाम घ्या. त्यांचंही बरोबर आहे. शाळेच्या कुंपणाला याच गावाने वर्गणी दिली आहे.

तर मदत अशी हवी आहे. मुलांच्या घरचे हिशोब वर्गात आणावेत का, आणि कुणाला न दुखवता ते कसं जमतं? दुसरं, करिअर म्हटलं की आमच्या आठवीला पोलीस भरती, मिलिटरी आणि एमपीएससी एवढंच सुचतं. मुली 'नर्स' म्हणून थांबतात. त्यापलीकडचं जग कसं दाखवू? प्रोजेक्टर आहे, वीज असेल तेव्हा चालतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

निवृत्त_बाराखडी

मॅडम, आधी अभिनंदन.

आता थोडं म्हाताऱ्याचं ऐका. हे 'कौशल्य' प्रकरण नवं म्हणून विकलं जातं तेव्हा मला हसू येतं. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, तिथून नई तालीम निघाली. हाताच्या कामातून शिकायचं, हेच तिचं सूत्र. पुढे त्याचं शाळाशाळांत काय झालं तेही पाहिलं. कार्यानुभव म्हणजे हेडमास्तरांच्या बागेला पाणी घालणे! कार्यानुभवाच्या वह्या मात्र छान भरलेल्या असत.

आमच्या शाळेत संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक होती. मुलं चार आणे, आठ आणे भरायची आणि खातेवही आठवीची मुलंच लिहायची. एकदा दोन रुपये कमी आले. तीन दिवस सगळा वर्ग वही तपासत होता. हातचा राहिला होता! असं काही सुरू करा. पैसा खरा हवा, मग तो कितीही थोडा असो.

स्पष्टवक्ता_७

रोखठोक बोलतो, राग नसावा. आठवीच्या मुलाला तीन अंकी भागाकार येत नाही अशी परिस्थिती असताना लाईट बिल आणि उचल कशाला? शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसची (गरीब घरातल्या आठवीच्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) तयारी करून घ्या. एनएमएमएस लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. गरीब घराला त्याचा जास्त उपयोग.

खडूफळा

@स्पष्टवक्ता_७, राग अजिबात नाही. एनएमएमएसचा वर्ग सकाळी साडेनऊला घेतेच. पण ८०,००० भागिले ३६६ हा तीन अंकी भागाकारच आहे की! आणि त्या दिवशी तो २३ पैकी २१ जणांनी पूर्ण केला. एरवी नऊ-दहा जण करतात.

स्पष्टवक्ता_७

बरं, हा मुद्दा मान्य.

लोखंड_लाकूड

मी दुसऱ्या जिल्ह्यात माध्यमिक शाळेत आहे. आमच्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या पद्धतीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय चालतो. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात काम सुरू केलं. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, पदार्थ बनवणं असं काहीतरी हाताने करतात. शिकवायला शक्यतो गावातलाच कारागीर असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: व्हिडिओ दाखवू नका. करिअर मार्गदर्शनाची भाषणं तर मुळीच ठेवू नका. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, ते यासाठीच वापरा. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे चार मुलं बसवा, शिलाईवाल्या ताईंकडे चार, दूध संकलन केंद्रावर चार. प्रत्येकाने एकच प्रश्न नीट विचारून यायचं: या कामाचा दर तुम्ही कसा ठरवता? आमची मुलं एका वेल्डरकडून गेटचा अंदाजखर्च काढायला शिकून आली. रॉड, वीज, मजुरी, घसारा (यंत्राची झीज). 'घसारा' हा शब्द मी बी.कॉम.ला शिकलो होतो, कळला त्या दिवशी. आणि मुलींना दूध केंद्रावर पाठवलंत तर फॅट मोजायच्या यंत्राशी उभं करा, रांगेच्या नोंदवहीशी नको.

मूल्यमापनाचं विचारलं नाहीत, पण विचारणारे भेटतील. काम करून घेणाऱ्याचा शेरा घ्या. "स्विच नीट बसवला, स्क्रू ढिला." एवढा पुरतो.

चाकण_पासिंग

हा धागा दोनदा वाचला. मी त्या १४ पैकीच एक समजा. तालुका वेगळा, साल वेगळं. आईवडील कारखान्यावर, मी आजीजवळ.

दहावीनंतर आयटीआयला फॉर्म भरायचा असतो हे मला तारीख गेल्यावर कळलं. एक वर्ष घरी बसलो, त्या वर्षी मीही कोयता धरला. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिशियनला लागलो. आता चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पहिला पगार कमी आला म्हणून मी सुपरवायझरशी भांडायला गेलो होतो. पीएफ कापतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्यांसमोर त्याने स्लिप वाचून दाखवली, तो दिवस अजून आठवतो. म्हणून मॅडम, एक पगाराची स्लिप पण वर्गात आणा. माझी पाठवतो, नाव खोडून. आणि अनोळखी माणसाला फोन लावून "जागा आहे का, कागद काय लागतील, शेवटची तारीख कधी" एवढं विचारायची प्रॅक्टिस घ्या. आमची पोरं हुशार असतात, पण फोनवर ततपप होते.

आता मुकादमाचं. तुमचं गणित बरोबर आहे, पण अर्धं आहे. मुकादम पैसा घरून आणत नाही. तो कारखान्याकडून किंवा ट्रकवाल्याकडून उचलतो आणि खाली वाटतो. एखादी जोडी उचल घेऊन आलीच नाही किंवा मधूनच निघून गेली, तर ती रक्कम त्याच्या अंगावर बसते. त्यासाठी जमीन विकलेले मुकादम मी पाहिलेत. लबाडी करणारेही पाहिलेत, तो विषय वेगळा. पण बहुतेक जण आधी कोयत्यावरच होते. फळ्यावर फक्त मजुराची बाजू मांडली की त्याला वाटणारच, मला चोर ठरवलं.

त्यांनाच बोलवा. हिशोबाची वही कशी ठेवतात ते मुलांना शिकवायला. खरी नावं नकोत, 'जोडी क्रमांक एक' असं लिहा. वहीत एक रकाना उचलीचा, एक खर्चीचा, एक टनांचा, एक खाड्यांचा. आणि मुलांनी घरी तसलीच एक वही आईच्या नावाने सुरू करायची. शिकवली त्यांनीच म्हटल्यावर नंतर "वही कशाला लिहिता" असं विचारायला तोंड राहत नाही.

निवृत्त_बाराखडी

@चाकण_पासिंग, तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं.

चाकण_पासिंग

नको सर, मला पगार वेळेवर लागतो. 😄

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, मधे आमच्या केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद होती.

मुख्याध्यापकांना @चाकण_पासिंग यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चला, मीच येतो." संध्याकाळी आम्ही दोघं मुकादमांच्या घरी गेलो. चहा झाला. 'वही शिकवायला या' म्हटल्यावर ते आधी हसले, "मी सातवी नापास, मॅडम." मग आतून एक लांब वही आणली, लाल कापडात बांधलेली. अठरा जोड्यांचा चार वर्षांचा हिशोब. अक्षर माझ्यापेक्षा बरं. तीन पानांवर रकमेपुढे फक्त फुली होती. त्या जोड्या उचल घेऊन आलेल्याच नाहीत म्हणाले.

या शनिवारी येतो म्हणालेत. अट एकच घातली आहे, त्यांच्या मुलालाही आठवीच्या वर्गात बसू द्यायचं.

@लोखंड_लाकूड, दूध केंद्रावर बोलणं झालं आहे, चार मुलींची नावं दिली. रिवाइंडिंगवाले म्हणतात मुलं करंटला हात लावतील. त्यांना काय सांगू? तुमच्याकडे सुरक्षेचे काही नियम लिहून ठेवलेले असतील तर कृपया इथेच टाका.

लोखंड_लाकूड

आज रात्री टाकतो. पहिला नियम आत्ताच घ्या: पायात चप्पल असल्याशिवाय दुकानाच्या पायरीवर चढायचं नाही. आणि मुलांना मेन स्विच बंद करायला आधी शिकवा, चालू करायला सर्वांत शेवटी.