सिडनीचं फूल आणि अलिबागची घूस

(आमच्या फॅमिली ग्रुपवरून, २४ जानेवारी २०२५)

मृणाल (सिडनी): तासाभरापासून रांगेत उभी आहे. बोटॅनिक गार्डनमधलं ते घाणेरड्या वासाचं फूल, टायटन अरम, उमललंय. इथे २०१०नंतर आत्ता!

मंदामावशी: वास घ्यायला रांग? ये आमच्या मासळी बाजारात, फुकट आहे 😄

निनाद: अगं मावशी, नाव ठेवलंय त्याचं, पुट्रिशिया. मी ऑफिसात लाइव्ह लावून बसायचो. नुसतं मिटलेलं फूल, तरी उठवेना.

मृणाल: पोचले एकदाची! माझ्याच उंचीचं आहे गं, १.६ मीटर. मधे फिकट सुळका, भोवती मरून रंगाचा चुण्यांचा घागरा. वास म्हणजे मेलेला उंदीर + कुजका कोबी. काल रात्री फार होता म्हणे, आज उतरलाय.

निनाद: पहिली रात्रच खरी. तो सुळका आपल्या अंगाइतका गरम होतो, म्हणून वास लांब जातो. मढं समजून माश्या आणि भुंगेरे येतात, परागीभवन होतं. मूळचं सुमात्राच्या जंगलातलं. आणि ते एक फूल नाहीच, खरी बारीक फुलं सुळक्याच्या बुडाशी असतात.

अण्णाकाका (अलिबाग): अरे हे तर सुरण!! आमच्या पडवीमागे एकदा मे महिन्यात असाच वास सुटला. मी आणि गडी दोन दिवस मेलेली घूस शोधतोय. लाकडं उपसली, पन्हळ काढली. शेवटी गडी म्हणाला अण्णा इकडे या. खणायचा राहिलेला सुरण, त्याला टोपलीएवढं जांभळं फूल, वर माश्या घोंघावतायत. तुमच्या काकूने तोवर मला दोनदा आंघोळीला पाठवलं होतं

निनाद: 😂 बरोबर काका, चुलत भावंडंच ती. पावसाळ्यातली ती रानभाजी, शेवळं, तीसुद्धा त्यातलीच.

मंदामावशी: शेवळं? मी काकडं, ती आंबट रानफळं, घालून करते ती??

निनाद: तीच. म्हणून तर घसा खाजतो.

मंदामावशी: माझ्या हातची कधी खाजलेत? पिवळं सगळं काढून टाकते मी.

मृणाल: मावशी, शेवळाची कणी 😭 जूनमध्ये येतेय.

अण्णाकाका: पहिल्या जुड्या मी धाडतो. काकडं मंदाने बघावी

मृणाल: [फोटो]

आई: कोणाचं तरी डोकंच आलंय. आणि घरी गेल्यावर कपडे आधी धुवायला टाक.