मुलांच्या धार्मिक गीतांचा संगीतकार : हेन्री जॉन गाँटलेट

श्रुतिलेखा
सप्रेम नमस्कार. ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ हे नाताळचे इंग्रजी गीत आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्याच्या कवयित्री सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांच्याविषयी पुष्कळ वाचायला मिळते : त्यांचा जन्म डब्लिनचा, मुलांसाठी लिहिलेला त्यांचा स्तोत्रसंग्रह 1848 साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे उत्पन्न आयर्लंडमधील कर्णबधिर मुलांच्या संस्थेला मिळाले. चाल बांधणाऱ्या गाँटलेट यांचे मात्र बहुतेक ठिकाणी नुसते नाव असते. ही चाल त्यांनी मुलांचा गळा डोळ्यांपुढे ठेवून बांधली होती, की मोठ्यांचीच चाल पुढे मुलांच्या वाट्याला आली? जाणकारांनी चालीच्या रचनेकडे पाहून सांगावे, कारण ‘गोड आहे, सोपी आहे’ एवढ्याने माझे समाधान होत नाही.

जुना_ऑर्गन
गाँटलेट (1805–1876) यांचे वडील इंग्लंडमधील ओल्नी या गावी धर्मोपदेशक होते आणि तेथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याचे काम या मुलाकडे वयाच्या नवव्या वर्षीच आले. पुढे त्यांनी काही वर्षे वकिली केली, पण जीव ऑर्गनमध्येच होता. 1846 साली बर्मिंगहॅम येथे जर्मन संगीतकार मेंडेलसोन यांच्या ‘एलायजा’ या धार्मिक संगीतरचनेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ऑर्गनवर गाँटलेट होते. अशा माणसाला भारदस्त, गुंतागुंतीची रचना करता येत नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून या चालीतला साधेपणा हा जाणूनबुजून पाळलेला संयम आहे, असे माझे मत आहे.

आपल्या प्रश्नाचे अधिक थेट उत्तर प्रकाशनाच्या इतिहासात मिळते. ही चाल 1849 साली पियानोच्या साथीसह प्रथम छापली गेली आणि 1858 साली अलेक्झांडर यांच्या त्याच बालस्तोत्रांच्या पुस्तकात, सर्वांनी एकच सूर गायचा अशा मांडणीत, पुन्हा आली. चार आवाजांची स्वरसंहती (हार्मनी) हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांनी एकसुरी मांडणी स्वीकारली ती गाणार कोण हे ठाऊक असल्यामुळेच, असे मानायला हरकत नसावी.

मंद्रपंचम
चालीकडे आपल्या सरगमच्या नजरेने पाहिले, तर गाँटलेट यांची युक्ती चटकन ध्यानात येते. पहिली ओळ मंद्र पंचमावरून (खालच्या सप्तकातल्या ‘प’वरून) निघते, मंद्र निषादाला (‘नी’ला) स्पर्श करून षड्जावर (‘सा’वर) येते आणि मग सा, नी, रे यांच्याच आसपास घोटाळत राहते. एकदा षड्ज सापडला की मुलाला फार लांब जावेच लागत नाही. दुसऱ्या ओळीत चाल मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंत चढते आणि पुन्हा षड्जावर उतरते. तिसऱ्या-चौथ्या ओळींना हीच चाल जशीच्या तशी लावलेली आहे. पाचवी ओळ थेट धैवतावर (‘ध’वर), म्हणजे संपूर्ण चालीतल्या सर्वांत उंच स्वरावर, सुरू होते आणि सहावीही तशीच सुरू होऊन शेवटी षड्जावर विसावते. थोडक्यात, सहा ओळींच्या कडव्यात मुलांना नव्याने शिकावे लागते ते निम्म्याहून थोडेच अधिक.

तालाचेही तेच आहे. प्रत्येक ओळ आठ मात्रांची आहे, आपल्या केरव्याच्या एका आवर्तनाएवढी. सात अक्षरांच्या ओळींत शेवटचे अक्षर दोन मात्रा लांबते; मुलांना श्वास घ्यायला सापडते ती हीच जागा. लहान मुलांचे गाणे बिघडते ते बहुधा श्वास पुरत नाही म्हणून, आणि चाल बांधणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ऐन तालमीत कळते!

पारावरचा_श्रोता
थोडे वेगळे मत मांडतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी होणाऱ्या उपासनेची सुरुवात 1919 पासून याच गीताने होते. पहिले कडवे एकच मुलगा कोणत्याही साथीशिवाय गातो. या गीताच्या कीर्तीचे श्रेय त्या प्रथेला आणि 1928 साली सुरू झालेल्या तिच्या रेडिओ प्रक्षेपणाला अधिक द्यावे, असे मला वाटते. शिवाय शब्दांचाही विचार करावा. मुलांनी सौम्य आणि आज्ञाधारक असावे, हा त्यातला उपदेश व्हिक्टोरियन काळाला शोभणारा असला, तरी आज खटकतो.

जुना_ऑर्गन
उपदेश खटकतो हे मान्य, पण रेडिओचा मुद्दा पटत नाही. साथीशिवाय एकट्या मुलाच्या गळ्यातून जी चाल उभी राहते, तीच अशा जागी निवडली जाते; चाल दुबळी असती, तर पहिल्याच कडव्यात उघडी पडली असती. अलेक्झांडर यांच्याच ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’शी तुलना करून पाहा. ते गीतही 1848 च्याच संग्रहातले आणि तितकेच लोकप्रिय, परंतु आज ते कोठे विल्यम हेन्री मंक यांच्या 1887 च्या चालीत, तर कोठे मार्टिन शॉ यांनी 1915 साली जुन्या लोकधुनेवरून केलेल्या चालीत गायले जाते. गाँटलेट यांच्या चालीला मात्र असा प्रतिस्पर्धी भेटला नाही.

श्रुतिलेखा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंद्रपंचम यांनी दाखवलेली पुनरावृत्ती मी स्वरलिपी पुढे ठेवून ताडून पाहिली. पाचव्या ओळीचा धैवत तेवढा मुलांना उंच जाईल, अशी शंका वाटते. पट्टी कोणती घ्यावी?

मंद्रपंचम
छापील प्रतींत बहुधा पांढरी पाच (पाश्चात्त्य G) किंवा पांढरी चार (F) असते. मुले आठ-दहा वर्षांची असतील, तर पांढरी चार घ्यावी. त्याहून खाली उतरू नये, कारण मग धैवत सोपा होतो, पण ज्या मंद्र पंचमावरून गीत सुरू होते, तोच मुलांना ऐकू येण्याजोगा लावता येत नाही. धैवतासाठी चौथ्या ओळीनंतर पुरता श्वास घेऊ द्यावा आणि तो स्वर जोराने न लावता हलका लावायला सांगावे.