रिझर्व्ह बँकेच्या नावाने आलेला लॉटरीचा ई-मेल : वडिलांची खात्री कशी पटवावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील साताऱ्याला असतात आणि शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. नुकताच त्यांना रिझर्व्ह बँकेच्या नावाने एक ई-मेल आला. सोबतच्या पत्रावर बँकेचे बोधचिन्ह, गोल शिक्का आणि गव्हर्नरांची म्हणून एक सही आहे. ब्रिटनमधील एका ऑनलाइन सोडतीत वडिलांच्या ई-मेल पत्त्याला ५ लाख पौंडांचे बक्षीस लागले असून ती रक्कम रिझर्व्ह बँकेत येऊन पडली आहे, ती रुपयांत करून खात्यात वळती करण्यासाठी १८,५०० रुपये 'रूपांतर शुल्क' ४८ तासांत भरावे, असा त्यातील मजकूर आहे. ती मुदत उलटल्यावर दुसरा मेल आला आणि मुदत आपोआप वाढवून मिळाली.

वडिलांनी अद्याप पैसे भरलेले नाहीत. आपण कोणतेही तिकीट काढले नव्हते, हेही ते मान्य करतात, पण "पत्र थेट रिझर्व्ह बँकेचे आहे, ते खोटे कसे असेल?" या प्रश्नावर ते अडून बसले आहेत. आयुष्यभर कागदपत्रे चोख ठेवणाऱ्या माणसाला "तुम्हाला यातले कळत नाही" असे सांगून गप्प करणे मला पटत नाही. त्यांना स्वतःला तपासून पाहता येईल, असे काही सुचवाल का?

परकीय चलन विभाग, निवृत्त

आपल्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या कामकाजातच आहे. रिझर्व्ह बँक ही सरकारची आणि बँकांची बँक आहे. ती सर्वसामान्य माणसांची बचत किंवा चालू खाती उघडत नाही, त्यामुळे कोणा व्यक्तीच्या नावाने तिच्याकडे बक्षिसाची रक्कम "पडून" राहू शकत नाही. परदेशातून पैसे येतात तेव्हा ते आपले खाते असलेल्या बँकेतच येतात. ती बँक त्या दिवसाच्या दराने रुपये करते, आपले शुल्क व त्यावरील कर त्यातूनच वजा करते आणि उरलेली रक्कम खात्यात जमा करते. शुल्कासाठी आधी तिसऱ्याच खात्यात पैसे भरा, असे या व्यवहारात कोठेही येत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटे घेण्यासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास मनाई आहे. अशा लॉटऱ्यांच्या व स्वस्त निधीच्या खोट्या आमिषांना बळी पडून लोक पैसे पाठवतात, याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१० साली बँकांना परिपत्रक काढून सावध केले होते आणि जनतेसाठीही ती वेळोवेळी सूचना देत आली आहे. ज्या बँकेने हे इशारे दिले, तिच्याच नावाचा शिक्का त्या पत्रावर मारलेला आहे, हे वडिलांना अवश्य सांगावे.

आता त्यांना स्वतः करता येण्याजोगी तपासणी. पैसे भरण्यासाठी दिलेल्या खात्याचा आयएफएससी कोड पाहण्यास सांगा. अकरा अक्षरांच्या या कोडातील पहिली चार अक्षरे बँकेची असतात, पाचव्या जागी शून्य असते आणि शेवटची सहा शाखा दाखवतात. कोणत्या बँकेची कोणती शाखा निघते आणि खातेदार म्हणून कोणाचे नाव दिले आहे, ते त्यांनी आपल्या हाताने कागदावर लिहून काढावे.

कृष्णाकाठ

मनःपूर्वक आभार. कोड पाहिला. दूरच्या एका शहरातील खासगी बँकेची शाखा निघाली आणि खाते एका व्यक्तीच्या नावाचे बचत खाते आहे. वडील बराच वेळ तो कागद पाहत होते.

मेलपेटी

ते खाते बहुधा भाड्याने घेतलेले असेल. थोड्या पैशांसाठी आपले खाते वापरायला देणारी माणसे या टोळ्यांना मिळतात, आणि पोलीस पोहोचतात ते आधी त्या खातेदारापर्यंत.

मेलविषयी थोडे. पाठवणाऱ्याचे म्हणून जे नाव दिसते ते कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून त्यामागचा पत्ता उघडून तो शेवटाकडून वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या पत्त्याचा शेवट 'आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' असा असतो. त्याआधी 'आरबीआय' ही अक्षरे कितीही वेळा आली तरी त्याला अर्थ नाही. मात्र दिसणारा पत्ताही बनावट असू शकतो. म्हणून 'उत्तर द्या' दाबून, काही न पाठवता, उत्तर कोणत्या पत्त्याकडे जात आहे तेवढे पाहावे. तेथे एखाद्या मोफत ई-मेल सेवेचा पत्ता निघाला, तर आणखी शोधाशोध करण्याची गरज नाही. पत्रात दिलेल्या फोन नंबरवर चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण पलीकडे तीच मंडळी असतात.

सोडतवाला

खऱ्या लॉटरीबद्दल एवढेच सांगतो. भारतात १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार लॉटरी राज्य सरकारच चालवू शकते. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे. त्यात बक्षीस तिकिटाच्या क्रमांकाला लागते, ई-मेल पत्त्याला नाही. विजेत्याला स्वतः मूळ तिकीट घेऊन दावा करावा लागतो आणि मोठ्या बक्षिसावरचा प्राप्तिकर रक्कम देतानाच कापला जातो.

कृष्णाकाठ

वडिलांनी आता विषय सोडून दिला आहे. तथापि पहिल्या मेलला उत्तर देताना त्यांनी पॅन कार्डाची प्रत आणि कॅन्सल केलेला चेक पाठवला होता, असे आज सांगितले. त्यावरून खात्यातील पैसे काढले जातील का?

परकीय चलन विभाग, निवृत्त

केवळ त्या दोन कागदांवर पैसे काढता येत नाहीत. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड लागतो. तरीही बँकेच्या शाखेत लेखी कळवून ठेवावे. पॅनचा वापर करून त्यांच्या नावाने कर्ज काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून पतअहवाल, म्हणजे त्यांच्या नावावरील कर्जांची नोंद, मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो विनामूल्य देणे बंधनकारक आहे. अनोळखी कर्ज दिसल्यास त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लगेच हरकत नोंदवावी.

पैसे गेलेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. दोन्ही मेल पुसून न टाकता जोडावेत. पैसे गेलेच असते, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा लागला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.

वडिलांचा पत्ता आता या फसवणाऱ्यांच्या यादीत आहे. काही दिवसांनी "सायबर विभाग" किंवा "वकील" म्हणवणारा एखादा माणूस फसवणुकीची भरपाई मिळवून देण्यासाठी फी मागेल. त्यालाही उत्तर देऊ नये, हे त्यांना आजच सांगून ठेवा.