रत्नागिरीतल्या नव्या फ्लॅटसाठी जुनं फर्निचर: सल्ला हवाय

किनारा_२१: नवा फ्लॅट घेतलाय. भिंती पांढऱ्या, फरशी राखाडी, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. गावच्या घरातला सागवानी झोपाळा आणि फणसाची मोठी पेटी आणायची आहे. झोपाळा टांगायचा कसा? सगळं मिळून २०,००० च्या आत.

दादरकर: मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला या, जुनं फर्निचर मिळतं. मी शिसवी आरामखुर्ची ६५,००० ला घेतली, वेत नव्याने विणून घेतला. घरात शिरणारा प्रत्येकजण आधी तिच्याकडेच बघतो.

आंबेवाला: अहो, २०,००० म्हणतायत त्या. ताई, पेटीला किडा नाही ना ते बघा. मी जुनं कपाट आणलं, श्रावणात खाली पिवळसर पिठाचे ढीग. शेजारचं टेबलही गेलं. पेटीखाली काळा कागद घालून दोन-चार दिवस ठेवा, पीठ पडलं तर समजा.

मंजू_चिपळूण: किडा बघाच. फणस तर नकोच, सागवान घ्या.

कुडाळकार: फणसाक नावां ठेवू नकात. आमच्या माजघरातलो खांब फणसाचो, आज्यापासून उभो आसा.

मंजू_चिपळूण: त्याला चुलीचा धूर मिळाला. फ्लॅटात कुठला धूर?

साइटवरून: झोपाळ्याचं बोला. गावी कडी तुळईला असते. फ्लॅटात स्लॅब ओततानाच हूक सळईला बांधावा लागतो. तो नसेल तर भोक पाडून साध्या बोल्टवर माणसं झुलवू नका. इंजिनिअरला दाखवा, नाहीतर लोखंडी स्टँड करा.

खारा_वारा: आमचा स्टँड दुसऱ्या पावसाळ्यात गंजला, फरशीवरचे डाग अजून आहेत. स्क्रू, बिजागऱ्या पितळीच घ्या. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं, त्यापेक्षा जवसाच्या तेलाचा हात फिरवा. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. आणि पांढऱ्या ट्यूब काढून २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे बल्ब लावा, निम्मं काम तिथेच होईल.

दादरकर: आरामखुर्चीला हूक लागत नाही. विचार करा.

किनारा_२१: सगळ्यांचे आभार. चार दिवसांत कागदावर पीठ पडलं नाही, पेटी आणली. स्लॅबला हूक नाही, स्टँडही नको वाटला. झोपाळ्याचा पाट हॉलमध्ये दोन घडीव चिऱ्यांवर ठेवलाय, भिंतीला टेकून. त्यावर आजीच्या पानाच्या डब्याचा गोल डाग आहे, तो सुताराला तासू दिला नाही. पितळी कड्या चिंचेने घासून पेटीत ठेवल्या. टेम्पो, सुतार, तेल, बल्ब धरून ७,४०० झाले.