राउटर अपडेट झाला आणि अण्णांचा बूम बंद पडला

मिरजेची_सूनबाई:
नमस्कार मंडळी. गेल्या मंगळवारी रात्री आमच्या राउटरने आपणहून अपडेट घेतला आणि बुधवारी पहाटे सव्वापाचला सासऱ्यांचा स्क्वीझबॉक्स बूम (घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारा स्पीकर) वाजलाच नाही. आज आठवा दिवस.

अण्णा 84 वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. काचबिंदूमुळे नजर जवळपास गेली आहे. धाकट्या दिरांनी 2010 मध्ये अमेरिकेहून येताना हा बूम आणला. त्याला 1 ते 6 अशी बटणं आहेत आणि अण्णांना ती बोटांनी पाठ आहेत. 1 वर सकाळचे राग, 2 वर नाट्यपदं, 3 वर आमच्या घरी झालेल्या बैठका. त्या बैठका अण्णांनी स्वतः कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण 212 कॅसेटी. ह्यांनी दोन उन्हाळे बसून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत, उतरवल्या. एका मारव्यात मधेच स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येतो. त्या सासूबाई. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. अण्णा रोज तिथपर्यंत ऐकतात आणि मग चहा घेतात.

गाणी माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आहेत, ती बूमकडे पाठवणारा लायरिअन सर्व्हर हा प्रोग्रॅमही तिथेच चालतो. बूमच्या पडद्यावर आमचं वायफाय दिसतच नाही. शेजाऱ्यांचं दिसतं! पासवर्ड बदललेला नाही. फोन, टीव्ही सगळं चालू आहे. कंपनीने बूम बनवणं कधीच थांबवलंय, त्यामुळे दुरुस्तीला न्यायचा तरी कुठे? काय करू?

दादरचा_रसिक:
ताई, माझ्या आईसाठी मी आवाजावर चालणारा स्पीकर घेतला. नुसतं नाव घेतलं की गाणं लागतं. अण्णांना बटण शोधायची गरजच पडणार नाही. विचार करून बघा.

मिरजेची_सूनबाई:
दादा, तुम्ही आपुलकीने सांगताय. पण घरातली बैठक त्या स्पीकरला कुठून सापडणार? शिवाय दिरांनी तसा एक पाठवला होता. अण्णांचा आवाज आता बारीक झालाय, तीन-तीनदा ओरडून सांगावं लागायचं. चौथ्या दिवशी त्यांनी तो बंद करायला सांगितला. पहाटे सगळे झोपलेले असताना आपल्या हाताने गाणं लावता येणं, हे त्यांचं उरलेलं स्वातंत्र्य आहे. ते मला जपायचंय.

वायरवाला_नाशिक:
ताई, शेजाऱ्यांचं वायफाय दिसतंय म्हणजे बूमचा रेडिओ शाबूत आहे. निम्मी काळजी इथेच मिटली.

आता एक समजून घ्या. बूम 2008 चं यंत्र. त्याला फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं जुनं वायफाय कळतं आणि वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतींत डब्ल्यूपीए 2 च्या पुढचं काही कळत नाही. अपडेटनंतर बरेच राउटर डब्ल्यूपीए 3 वर जातात किंवा 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही वायफायचं एकच नाव करून टाकतात. नवे फोन निमूट जुळवून घेतात, जुनं यंत्र अडतं.

पण सेटिंगला हात लावायच्या आधी एक करा. बूमच्या मागे नेटवर्कच्या वायरची जागा आहे. तो उचलून राउटरपाशी न्या आणि सरळ वायरने जोडा. वायरने वाजला तर दोष फक्त वायफायचा. वायरनेही सर्व्हर सापडला नाही तर कॉम्प्युटरकडेही बघावं लागेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

मिरजेची_सूनबाई:
केलं. वायरने जोडल्यावर नेटवर्क मिळालं, पण सर्व्हर सापडत नाही. म्हणजे दोन दोष?

वायरवाला_नाशिक:
हो, आणि हे फार वेळा होतं. राउटर बदलल्यासारखा वाटला की कॉम्प्युटर त्याला नवं नेटवर्क समजतो आणि "पब्लिक", म्हणजे परकं, ठरवतो. मग फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी, दारं लावून घेते. नेटवर्क "प्रायव्हेट" करा. सर्व्हरला 3483 आणि 9000 हे पोर्ट, म्हणजे त्यातली दोन दारं, उघडे लागतात. 3483 साठी टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन्ही पद्धती. कॉम्प्युटरचा आयपी पत्ताही (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा.

बूमची एक गोष्ट मला फार आवडते. त्याला स्वतःचं डोकं जवळजवळ नाहीच. पडद्यावरची अक्षरं, मेनू, सगळं सर्व्हर पाठवतो. आणि तो सर्व्हर मुक्तस्रोत आहे. कंपनीची ऑनलाइन सेवा 2024 मध्ये बंद झाली, पण लोकांनी तोच सर्व्हर लायरिअन या नावाने चालू ठेवला. ज्या यंत्रांचं सगळं डोकं आतच कोंबलेलं असतं, ती कंपनीने पाठ फिरवली की संपतात. तुमचा बूम अजून पुष्कळ वर्षं वाजू शकतो.

पर्थची_संध्या:
मधेच बोलते. वायफायसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क उघडून त्यावर बूम लावू नका. मी तेच केलं आणि दोन दिवस वाया गेले. त्या नेटवर्कवरच्या यंत्राला घरातला कॉम्प्युटर सहसा दिसत नाही. 2.4 चं नाव वेगळं करा आणि सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए 2 एईएस हा पर्याय ठेवा.

मिरजेची_सूनबाई:
"प्रायव्हेट" केल्याबरोबर वायरवर वाजला! अण्णा आतल्या खोलीतून उठून भिंत धरत राउटरपर्यंत आले. पण राउटर दिवाणखान्यात आहे आणि त्यांना बूम उशाशीच हवा असतो. 2.4 वेगळं केलं, डब्ल्यूपीए 2 केलं, बूमचं डावं बाणाचं बटण दाबून धरून नेटवर्कची मांडणी पुन्हा केली. तरी यादीत आमचं नाव नाही.

वायरवाला_नाशिक:
बूम अमेरिकेचा ना? राउटरचा चॅनेल, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, कितवा आहे?

मिरजेची_सूनबाई:
ऑटोवर होता. आता 13 दाखवतोय.

वायरवाला_नाशिक:
सापडलं. तिकडे 1 ते 11 एवढेच चॅनेल वापरतात, अमेरिकेच्या मांडणीतला बूम 12 आणि 13 बघतच नाही. ऑटो काढा, 1, 6 किंवा 11 ठेवा.

आणि पुढचं सांगून ठेवतो. राउटरचे अपडेट कायमचे बंद करू नका, त्यात सुरक्षेची भोकं बुजवलेली असतात. प्रत्येक अपडेटनंतर या सेटिंग मात्र तपासा. सवड झाली की सर्व्हर माडीवरून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हलवा. त्यावर टाकायची पायकोअरप्लेअर ही प्रणाली रॅममधून चालते, त्यामुळे लाईट गेली तरी कार्ड सहसा बिघडत नाही. आणि त्या 212 कॅसेटींची एक प्रत घराबाहेर ठेवा. हे मी आज कळकळीने सांगतोय.

मिरजेची_सूनबाई:
6 वर ठेवला आणि लगेच नाव दिसलं. आज पहाटे सव्वापाचला मी जागीच होते. आधी बटणाचा हलका टक् आवाज, मग तंबोरा, आणि बऱ्याच वेळाने तो स्टोव्हचा पंप. मी उठून चहा ठेवला.

बैठकांची एक प्रत आज पुण्याला नणंदेकडे पाठवतेय. राउटरवर कागद चिकटवलाय: चॅनेल 6, डब्ल्यूपीए 2, 2.4 चं नाव वेगळं, हात लावायच्या आधी मला विचारा. वायरवाले दादा, पायसाठी किती जीबीचं कार्ड घेऊ?