व्हेज कोल्हापुरी खाऊन कोल्हापूर कळत नाही

पंचगंगाकाठ

थाळीप्रेमी यांनी काल लिहिले की प्रांतोप्रांतीचे पदार्थ चाखण्यासाठी आता गावोगाव हिंडण्याची गरज उरलेली नाही, शहरातल्या एका बऱ्या हॉटेलात बसून सगळा देश जेवता येतो. पुरावा म्हणून त्यांनी आपल्या घराजवळच्या हॉटेलातील ‘व्हेज कोल्हापुरी’ आणि ‘मटण कोल्हापुरी’ यांचा दाखला दिला आणि कोल्हापूरच्या जेवणात तिखटाखेरीज काही नाही, असा निकालही देऊन टाकला. पहिले विधान मी सोडून दिले असते. दुसरे मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या घरी ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी कधी झाली नाही आणि माझ्या ओळखीच्या एकाही कोल्हापुरी घरात ती होत नाही. ती जन्मते हॉटेलच्या भटारखान्यात. तेथे सकाळीच तीन-चार मोठी पातेली तयार असतात: कांदा-टोमॅटोची तांबडी ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी, मखनी आणि पालकाची हिरवी. संध्याकाळी गिऱ्हाईक ज्या गावाचे नाव घेईल त्या गावासाठी यांतलीच एक पळी कढईत पडते. तांबड्या ग्रेव्हीत लाल तिखट वाढवले आणि वर दोन सुक्या मिरच्या तळून ठेवल्या की तिचे कोल्हापुरी होते, आणि तेच थाळीप्रेमींच्या ताटात आले.

रविवारी मटण आले की आई आधी अळणी लावत असे, म्हणजे मीठ, आले-लसूण आणि टाकलीच तर नखभर हळद घालून मटण भरपूर पाण्यात शिजवून घेत असे. पहिली वाटी अळणी घरातल्या लहान मुलांना आणि आजाऱ्याला मिळे. उरलेल्या अळणीचे दोन भाग होत. एका भागात भिजवून वाटलेले तीळ, खसखस आणि काजू जात, दालचिनी-लवंग-वेलदोड्याची फोडणी पडे आणि शेवटी नारळाचे दूध. ते दूध घातल्यावर आई पातेल्याजवळून हलत नसे, हाक मारली तरी नाही, कारण एक जोराची उकळी आली की दूध फुटते आणि पांढऱ्या रश्शाचे चोथापाणी होते. दुसऱ्या भागाचा तांबडा रस्सा. त्यात भाजलेले खोबरे, कांदा आणि आमची चटणी. ही चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षभरासाठी डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी. तिच्यात रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची असते, आणि कोणती किती घ्यायची यावरून जावाजावांत वाद होत असत. ज्या जेवणात पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावून पितात, त्या जेवणाला ‘निव्वळ तिखट’ म्हणणे हा अन्याय आहे.

थाळीप्रेमी

आपल्या मातोश्रींच्या हातच्या रश्शाबद्दल मला आदरच आहे, पण तो रस्सा मला कोठे मिळणार, हे आपण सांगितलेले नाही. माझे वय 71 आहे, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. माझ्यासारख्याने बिहारचे लिट्टी-चोखा बिहारमध्ये आणि केरळचे अप्पम केरळमध्येच खावे असा आग्रह धरला तर मी ते या जन्मी खाणार नाही.

दुसरे असे की हॉटेलांनीच आपल्याला परप्रांत शिकवला आहे. माटुंग्याला रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून केळीच्या पानावर जेवण वाढत आहे. मुंबईच्या दोन-तीन पिढ्या इडली-डोसा-सांबार ओळखतात ते उडुपीला जाऊन आल्यामुळे नव्हे, तर अशा हॉटेलांमुळे. मी नोकरीनिमित्त दिल्लीत असताना आंध्र भवनाच्या कँटीनमध्ये रांगेत उभा राहून जेवलो आहे. गरम भातावर पोडी, म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी, आणि तूप, बाजूला गोंगुऱ्याचे, म्हणजे अंबाडीचे, लोणचे. आंध्र प्रदेशात मी पाऊल ठेवलेले नाही, तरी ते जेवण मी विसरलेलो नाही. ते खोटे होते असे आपण म्हणणार आहात काय?

आणि अस्सलपणाचा एवढा आग्रह असेल तर बटर चिकनचे काय करायचे? ते कोणाच्याही आजीच्या चुलीवर झालेले नाही. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या दरियागंजात मोती महल चालवले, तेथे ते नावारूपाला आले. त्याचा जनक कोण यावरून 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला, म्हणजे दोन हॉटेलांत भांडण आहे, दोन गावांत नाही. हॉटेलही पदार्थांना जन्म देते. मग ‘व्हेज कोल्हापुरी’ने कोणते पाप केले?

चूल आणि तवा

मी पुण्याच्या एका उपनगरात छोटी खानावळ चालवते. माझे माहेर कागल तालुक्यातले आहे. पंचगंगाकाठ यांनी भटारखान्याचे केलेले वर्णन खरे आहे, पण त्यांनी सगळा दोष स्वयंपाक्याच्या माथी मारला आहे आणि तो मला मान्य नाही.

सुरुवातीची दोन वर्षे मी माहेरी होतो तसाच पातळ तांबडा रस्सा देत होते. गिऱ्हाइके म्हणत, “ताई, हे पाणी दिले आहे, ग्रेव्ही कोठे आहे?” पांढऱ्या रश्शाची वाटी परत पाठवून “हा फिका आहे, जरा तिखट करून आणा” असे सांगणारेही भेटले. शिवाय पांढरा रस्सा दुपारचा रात्री चालत नाही. पुन्हा गरम करताना दूध फुटते, आणि रात्री दहा वाजता आलेल्या चार माणसांसाठी मी नव्याने नारळ खवू शकत नाही. आता मी दोन्ही प्रकार ठेवते. मटण ताटात खरा रस्सा असतो आणि ‘मटण कोल्हापुरी’ या नावाखाली दाट ग्रेव्ही असते. खप ग्रेव्हीचाच जास्त आहे. मला हे सांगताना वाईट वाटते, पण दुकानाचे भाडे त्यातूनच निघते.

वर्धेचा काठ

या सगळ्या चर्चेत महाराष्ट्र म्हणजे कोल्हापूर आणि फार तर मालवण, असे गृहीत धरलेले दिसते. नागपूरचे सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाच्या विणकरांच्या घरांतून आले आणि सावजी भोजनालयांतून सगळ्या विदर्भात गेले. त्याचा मसाला काळपट असतो, त्याला जवसाच्या तेलाची जोड असते, आणि पाटोडी रस्सा हा त्यातला मांसाहार न करणाऱ्यांचाही हक्काचा पदार्थ आहे. मुंबईत मी ‘सावजी चिकन’ मागवले तेव्हा जे आले ते तुमचे हॉटेलातले कोल्हापुरीच होते, केवळ त्यात आणखी दोन चमचे तिखट ओतलेले. तुमच्या नावाची निदान नक्कल तरी होते. आमच्या नावाने तुमचीच नक्कल खपवली जाते, आणि खानदेशची शेवभाजी व मराठवाड्याची येसर आमटी यांना तर त्या मेनूकार्डावर जागाही नसते.

लेस्टरवासी

गावाचे नाव तिखटाच्या मापात कसे बदलते हे मी येथे इंग्लंडमध्ये गेली 19 वर्षे पाहतो आहे. येथील बहुसंख्य जुनी ‘इंडियन’ हॉटेले बांगलादेशातील सिल्हेटच्या लोकांनी उभी केली. त्यांच्या मेनूवर ‘कोर्मा’ म्हणजे सौम्य, ‘मद्रास’ म्हणजे तिखट आणि ‘विंदालू’ म्हणजे त्याहून तिखट. त्या ‘मद्रास’चा चेन्नईतल्या एकाही स्वयंपाकघराशी संबंध नाही. विंदालूची कथा अधिक वाईट आहे. मूळ पोर्तुगीज शब्द वाइन आणि लसूण यांच्यावरून आलेला, गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आले, आणि ‘आलू’ ऐकू येतो म्हणून पुढे हॉटेलांनी त्यात बटाटा घातला. माझी सासुरवाडी मडगावची आहे. बटाट्याचे विंदालू प्रथम पाहिले तेव्हा माझ्या पत्नीने ताट बाजूला सारले.

थाळीप्रेमी, नवा पदार्थ जन्माला घालण्याला माझी हरकत नाही, परंतु एका गावाचे नाव ‘जास्त तिखट’ या अर्थाने एकदा रूढ झाले की त्या गावाचे खरे जेवण मागणाराच शिल्लक राहत नाही. कोल्हापूरचे ‘मद्रास’ होऊ देऊ नका.

कसबा पेठ

ग्रेव्हीपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. गेल्या दिवाळीत मी सासऱ्यांना पुण्यातल्या, ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी पाटी असलेल्या एका हॉटेलात नेले. सासरे गडहिंग्लजचे. त्यांनी सवयीने तांबडा रस्सा दोनदा आणि पांढरा एकदा मागून घेतला. बिलात प्रत्येक वाटी स्वतंत्र लावलेली होती. सासऱ्यांनी बिल वाचले, काही बोलले नाहीत, पण मुलीच्या घरी अधिक खाल्ल्याबद्दल कोणी हटकावे तसा त्यांचा चेहरा झाला. त्यानंतर ते माझ्याबरोबर बाहेर जेवायला आलेले नाहीत. कोल्हापुरात मटण ताटाबरोबर वाढपी रश्शाची बादली घेऊन फिरतो आणि नको म्हणेपर्यंत वाढतो. ती रीत सोडली, तर कोल्हापुरी म्हणून उरते काय?

थाळीप्रेमी

रश्शाचे पैसे घेतलेच पाहिजेत. तो नळाचा नव्हे, मटणाचा अर्क आहे. एकाने चार वाट्या प्यायच्या आणि त्याचा भार एक वाटी पिणाऱ्याने उचलायचा, हा कोठला न्याय?

पंचगंगाकाठ

मटणाची किंमत आम्हाला शिकवू नये. 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरवाढीविरुद्ध कोल्हापुरात लोक रस्त्यावर उतरले होते. ज्या गावाने दरासाठी आंदोलन केले, त्याच गावात रश्शाची दुसरी वाटी मोजत नाहीत, कारण तो खर्च ताटाच्या किमतीत आधीच धरलेला असतो. मोजायचेच असेल तर पाटीवरचे ‘कोल्हापुरी’ पुसा आणि खुशाल मोजा.

चूल आणि तवा

हे बोलणे सोपे आहे. कोल्हापुरातल्या खानावळी पुष्कळदा स्वतःच्या जागेत चालतात, घरची माणसे राबतात आणि दिवसाला मोठे पातेले उपसते. मी भाड्याच्या जागेत, पगारी माणसे ठेवून, रोज पन्नास-साठ ताटे वाढते. मी एक वाटी पुन्हा देते, तिसरीचे पैसे लावते आणि तसे भिंतीवर लिहून ठेवले आहे. त्यावरून एकाने माझ्या तोंडावर “तुम्ही कोल्हापूरच्या नव्हेच” असे सुनावले. माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावजेवणात रश्शाची बादली मी स्वतः फिरवली आहे. वाटीच्या हिशेबावरून माझे माहेर काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, पंचगंगाकाठ यांनाही नाही.

कसबा पेठ

ताई, भिंतीवर लिहिलेले असते तर सासऱ्यांनी तिसरी वाटी मागितलीच नसती आणि त्यांचा अपमानही झाला नसता. माझा राग न सांगता लावलेल्या पैशांवर आहे. आपल्यावर तो निघाला असेल तर मी दिलगीर आहे.

वर्धेचा काठ

सावजीबद्दल लिहिलेल्या एका वाक्यालाही उत्तर आले नाही आणि वाट्यांवर मात्र सगळे तुटून पडले, याची मी नोंद घेतो.

पंचगंगाकाठ

वर्धेचा काठ यांची तक्रार रास्त आहे. सावजी मी नागपुरात एकदाच खाल्ले आहे आणि मुंबईतले पाहिलेले नाही, म्हणून बोललो नाही. ताईंबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. तिसऱ्या वाटीचे पैसे मला आजही पटत नाहीत, पण त्या नारळ खवतात, अळणी लावतात आणि ताट व ग्रेव्ही यांना वेगळे ठेवतात, एवढ्यावर त्यांची पाटी खरी आहे.

थाळीप्रेमींची उडुपी आणि आंध्र भवन ही दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, आणि मला वाटते ती माझ्याच बाजूची आहेत. तेथे पाटीवरचे गाव आणि चुलीपुढचे हात एकाच मुलखातले होते. बटर चिकनही मान्य आहे, कारण त्याने कोणत्याही गावाचे नाव उसने घेतलेले नाही. हॉटेलाने नवी भाजी खुशाल करावी आणि तिला नवे नाव द्यावे.

थाळीप्रेमी

काल संध्याकाळी मी आमच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो आणि ‘व्हेज कोल्हापुरी’त काय असते हे वेटरला विचारले. त्याला सांगता आले नाही, म्हणून त्याने स्वयंपाक्याला बाहेर बोलावले. तो पंचविशीतला मुलगा उत्तराखंडातल्या कुमाऊंचा होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की ग्रेव्ही कढाईची तीच असते, तिखट जास्त आणि वरून दोन मिरच्या. कोल्हापूर कोठे आहे हे त्याला माहीत नव्हते. त्याच्या गावी काय करतात असे विचारल्यावर तो पाच मिनिटे ‘भट’ म्हणजे काळ्या सोयाबीनच्या चुडकाणी नावाच्या रस्साभाजीबद्दल आणि मंडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीबद्दल बोलत राहिला, आणि त्यातले काहीही त्या मेनूकार्डावर नव्हते.

म्हणून ‘कोल्हापूरच्या जेवणात तिखटाखेरीज काही नाही’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. चूल आणि तवा यांनी खानावळीचा पत्ता कळवावा, पुण्यापर्यंतचा प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपतो. तिसऱ्या वाटीचे पैसे मी देईन, आणि ते घेतलेच पाहिजेत हे माझे मत कायम आहे.